यंत्रात न बसलेला आवाज

“चंदऱ्या, तो दिवा जरा अलीकडं घे रं बाबा! जात्याचं तोंड दिसंना मला. हळकुंड टाकते इकडं, पडतंय तिकडं.”

आक्काबाईचा हा आवाज चंदर पगारेला अजून ऐकू येतो. तो कानाच्या आतून येतो, कारण त्या दिवशी त्यानं तो ऐकलाच होता तसा. खांद्यावर कॅमेरा, कानाला हेडफोन आणि एकलहऱ्याच्या पॉवरहाउस कॉलनीत दोन क्वार्टरांच्या मधे ताणलेला ताडपत्रीचा मांडव. बाया चांगल्या आठ-दहा हात लांब बसलेल्या, पण माइकातून हेडफोनात येताना असं वाटावं की कुणी कानाशी तोंड नेऊन बोलतंय. जात्याची घरघर, काकणांची किणकिण, गोजराबाईचा खोकला, आणि या सगळ्यावर आक्काबाईचा गळा. जाड काठाच्या भाकरीसारखा. मधे मऊ, कडेला खरपूस.

अठ्ठ्याण्णव सालचा मे महिना. रवी साळवेची हळद. चंदर तेवीस वर्षांचा होता आणि आपल्याच कॉलनीतलं हे त्याचं पहिलं शूटिंग होतं. हॅलोजनचा दिवा त्यानं खाटेच्या पायाला सुतळीनं बांधला होता, त्याच्या उजेडात चिलटं अशी नाचत होती की जणू त्यांनाही आवतण होतं. लांब पॉवरहाउसच्या चिमण्यांवरचे लाल दिवे लागले होते. दुपारपाळीची माणसं डबा हातात घेऊन मांडवाच्या कडेला उभी राहून बघायची आणि कॅमेरा आपल्याकडं वळला की केस सारखे करायची.

आता चंदर पन्नाशी ओलांडून बसलाय. शहरात द्वारका चौकात, पुलाच्या सावलीत त्याचं दुकान आहे. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन. दिवसभर हॉर्न वाजतात, ट्रॅव्हल्सवाले “शिर्डी, शिर्डी” ओरडतात, आणि चंदर लोकांना सांगत असतो, “हनुवटी वर. हसू नका. हसलेला फोटो आधारला चालत नाय.” दुकानाच्या कोपऱ्यात जुन्या टॉवेलाखाली एक व्हीसीआर झाकलेला असतो. चालता व्हीसीआर आता शोधून सापडत नाही. म्हणून कुणाच्या आईबापाच्या लग्नाची कॅसेट माळ्यावर सापडली, की ती पेनड्राइव्हवर घ्यायला पोरं त्याच्याकडं येतात.

तशीच साक्षी आली. रवीची थोरली. भाजीची कापडी पिशवी काउंटरवर ठेवली आणि तिच्यातून एकेक करून सात कॅसेटी काढल्या.

“काका, पप्पा म्हणाले तुमच्याकडेच जा. कॉलेजात मी व्हीसीआर म्हटलं तर एक जण म्हणाला, कुठलं अ‍ॅप आहे?”

“हसू दे त्यांला. पण आधीच सांगतो, बुरशी लागली असंल कॅसेटीला तर मला बोल लावायचा नाय.”

ती माध्यमांच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक स्वतंत्र प्रोजेक्ट करावा लागायचा. विषय आपला, कॅमेरा आपला, चुका पण आपल्याच. सरांनी फक्त शेवटी बघायचं. कुणी नदीघाटावरच्या पहाटेचे फोटो काढत होतं, कुणी द्राक्षबागेवर ड्रोन उडवत होतं.

“मी आक्काआजीवर फिल्म करतेय,” साक्षी म्हणाली. “कॉलनीत कुणाचीही हळद असली तरी गाणं आक्काआजीचं. लहानपणी ऐकलेलं नुसतं आठवतं, धड येत एकपण नाही. म्हणून सगळ्यांच्या घरून लग्नाच्या कॅसेटी गोळा केल्या.”

चंदरनं कॅसेटींवरच्या चिठ्ठ्या पाहिल्या. सातही चिठ्ठ्यांवर त्याचंच अक्षर होतं, निळ्या स्केचपेननं काढलेलं; ‘शुभमंगल’च्या खाली तेव्हा त्याला फार आवडणारी नागमोडी रेघ.

“आपल्याच हाताची पापं,” तो म्हणाला. साक्षी हसली. तिला वाटलं, काका गंमत करतायत.

त्यानं स्पिरिटचा कापूस फिरवून व्हीसीआरचं हेड साफ केलं आणि रवीची कॅसेट लावली. पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग रंग आले. कमळ उमललं आणि त्यातून नवरानवरी वर आली. बदामाच्या आकारात रवीचं तोंड, मिशी फुटलेली न फुटलेली. साक्षी खुर्चीतून पडायची बाकी राहिली. “अय्यो, पप्पा!” मग पांढऱ्या साडीतली तिची आई, बुद्धमूर्तीपुढच्या मेणबत्त्या; झलक संपली आणि आदल्या दिवसाची हळद सुरू झाली. जातं, जात्याभोवती बाया, मधे आक्काबाई. आक्काबाईनं खुंटा धरला, मान किंचित तिरकी केली, तोंड उघडलं, आणि त्यातून सिनेमातल्या कोवळ्या नटीच्या गळ्याचं, सतार-व्हायोलिनचं गाणं वाहू लागलं.

साक्षी पुन्हा हसली, पण ते हसू अर्ध्यावर थांबलं.

सातही कॅसेटींत तेच. सात हळदी, सात मांडव. आक्काबाईचं लुगडं बदलत गेलं, केस पांढरे होत गेले, आणि दर वेळी तिच्या तोंडातून दुसऱ्याच कुणाचं तरी गाणं निघत राहिलं.

“ओरिजिनल आवाज कुठे आहे, काका?”

“तवा मिक्सिंग म्हणायचे. शूटिंग झालं की कॅसेट लॅबला न्यायची. ते लोक कमळं-बदाम टाकायचे आन् आवाज काढून वर पिक्चरची गाणी लावायचे. सगळेच लावायचे. मूळ कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला.”

“सगळं पुसलं?”

“सगळं.”

साक्षीनं कॅसेट मागं न्यायला लावून हळद परत एकदा पाहिली. दुसरीकडं कुठं तो आवाज मिळणारही नव्हता. आक्काबाई एकलहऱ्यात अजून होती, ऐंशीच्या घरात, पण तिचा आवाज नव्हता. दोन वर्षांपूर्वी गळ्यात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक, त्यावर पांढरा रुमाल. ओठ हलायचे, वारा यायचा, शब्द यायचा नाही.

चंदरनं जे सांगितलं ते खरं होतं. फक्त अर्धं होतं.

रवीच्या लग्नानंतर दहा दिवसांनी क्वार्टरच्या ओट्यावर टीव्ही मांडला होता. भाड्याचा व्हीसीआर, पुढं पन्नास माणसं. आक्काबाई नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढं बसली होती, आपलं गाणं ऐकायला. गाणं आलं तेव्हा ते भलतंच होतं. माणसं पोट धरधरून हसली. “आक्का हिरॉईन झाली! आक्काला मुंबईला धाडा!” आक्काबाईही हसली, डोळ्याला पदर लावून हसली. गर्दी पांगल्यावर मात्र ती हळूच चंदरजवळ आली. चप्पल सापडत नसली की माणूस विचारतो ना, तसं तिनं विचारलं,

“चंदर, माझं गाणं कुठं गेलं रं?”

आणि चंदर म्हणाला, “आक्का, माइकनं धरलंच नाय. काही काही आवाज असत्यात, मशीनीत बसतच नाय.”

“अस्सं,” ती म्हणाली. “म्हंजी आपला आवाज जात्यापुरता.”

एवढंच. ना राग, ना रुसवा. पोटच्या पोरावर ठेवावा तसा तिनं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि तो विश्वासच पुढं चंदरच्या छातीवर जात्याच्या तळीसारखा बसून राहिला.

पुढं रेडिओवाले कॉलनीत आले, बायांच्या ओव्या टिपून घ्यायला. सगळ्यांनी आक्काबाईकडं बोट दाखवलं. तिनं गोजराबाईला पुढं ढकललं. “हिचा घ्या बाबा. माझा नाय बसत मशीनीत. आमच्या चंदरनं तपासलंया.” मोबाइल आले तेव्हा लेकीशी बोलतानाही ती फोन सुनेच्या हातात द्यायची, “तूच सांग तिला, माझा नाय जात यातून.” नातवानं एकदा गाणं रेकॉर्ड करायला मोबाइल पुढं धरला, तर तिनं त्यालाच वेड्यात काढलं. हे सगळं चंदरला कुणी ना कुणी हसत हसत सांगायचं. कॉलनीत तो एक विनोदच झाला होता. चंदर ऐकायचा, मान हलवायचा, आणि मग त्याला चहा गोड लागायचा नाही.

ऑपरेशन झालं तेव्हा तो केळी घेऊन भेटायला गेला होता. आज सांगायचंच, असं बसमधे शंभरदा घोकून गेला होता. आक्काबाईनं खुणेनं बस म्हटलं, खुणेनंच सुनेला चहा टाकायला लावला, आणि त्याच्या डोक्यावरचे विरळ झालेले केस बघून ओठ न उघडता हसली. चंदर चहा पिऊन परत आला.

साक्षी महिनाभर दुकानात येत राहिली. कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरल्या, पण ती येतच राहिली. तिला जुनं सगळं विचारायचं असायचं. हॅलोजन किती तापायचा, कॅमेऱ्याचं वजन किती, एका खांद्यावर चार तास कसं धरायचात. चंदरही बोलायचा. इतक्या वर्षांत त्याला कुणी हे विचारलं नव्हतं. ऐन टायमाला लाइट गेलेली ती चांदवडची हळद, कांद्याच्या खळ्यात मांडलेला मांडव, आणि ट्रॅक्टरच्या उजेडात केलेलं शूटिंग. नवरी रडायची थांबली म्हणून तिच्या मावशीनं “चंदरदादा, थांबा, परत रडवते” म्हटलं होतं, तेही. बोलता बोलता त्याचा उजवा खांदा आपसूक वर जायचा, जणू कॅमेरा अजून तिथंच आहे.

एक दिवस तिनं त्याच्या कॉलरला चिमटीएवढा माइक लावला. “तुमची मुलाखत, काका. हा श्वासपण पकडतो. सांगा, आक्काआजीचा आवाज का नाही उरला?”

कॅमेऱ्याचा लाल ठिपका लागला. चंदरनं समोर पाहिलं. आयुष्यभर तो या ठिपक्याच्या मागं उभा राहिला होता.

“तवाचे माइक साधे होते,” तो म्हणाला. “आक्काचा आवाज लय दणकट. मशीनीत बसला नाय.”

साक्षीनं कॅमेरा बंद केला आणि टाळीच वाजवली. “काका! हेच नाव! ‘यंत्रात न बसलेला आवाज’! मी इतके दिवस नाव शोधत होते.”

“छान आहे,” चंदर म्हणाला. हातातला लॅमिनेशनचा कागद तिरपा कापला गेला होता.

आत्तापर्यंत ते खोटं कॉलनीत राहत होतं, कॉलनीतच म्हातारं होत होतं. आता त्याला टायटल मिळणार होतं. मोठी पांढरी अक्षरं, काळा पडदा, कॉलेजचा हॉल. आणि साक्षीनं तर ठरवलंच होतं, की दाखवायच्या दिवशी आक्काआजीला गाडी करून न्यायची आणि पहिल्या रांगेत बसवायची.

पण फिल्मला आवाज हवा होता, आणि त्यावर साक्षीनंच तोड काढली. कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या हॉलमधे रविवारी दुपारी तिनं म्हाताऱ्या बायांना बोलावलं. पांढरी चादर ताणली, कॉलेजातून प्रोजेक्टर आणला. तिचं म्हणणं असं, की चित्र मुकं लावायचं आणि बायांनी आक्काआजीच्या ओठांवरून गाणं ओळखून म्हणायचं. मशीन चालवायला म्हणून चंदरला नेलं.

सिंधुबाई सगळ्यांच्या आधी येऊन खुर्ची धरून बसली होती. गोजराबाई काठी टेकत आली. “माझा चष्मा कुणी आणला नाय, आता मी काय ओळखू? ओठ का मिशा?”

“तुझ्याच मिशा ओळख,” सिंधुबाई म्हणाली.

आक्काबाई शेवटी आली, नातसुनेच्या हाताला धरून. गळ्याशी रुमाल, कपाळ स्वच्छ. चंदरला बघताच तिनं भुवया उंचावल्या, म्हणजे: तू बी?

त्यानं रवीची हळद लावली आणि आवाज शून्यावर नेला. चादरीवर जातं फिरू लागलं. तीसेक वर्षांपूर्वीच्या बाया, आणि त्यांच्यासमोर त्याच बाया, सुरकुतलेल्या. मेलेल्या चौघीजणीही चादरीवर हळद निवडत होत्या. कुणीतरी एकीचं नाव घेतलं.

मग चादरीवरच्या आक्काबाईनं मान तिरकी केली, ओठ उघडले.

“‘दाणा’ म्हणतीया,” सिंधुबाई पुढं झुकली. “दाणा दाणा... आलं! आलं माझ्या ध्यानात!” आणि तिनं चिरक्या आवाजात उचललं,

“दाणा दाणा दळीते भीमरायाच्या नावाला,
निळं निशाण लागलं माझ्या एकलहऱ्या गावाला.”

बाकीच्यांनी ओढून घेतलं. आक्काबाई आपल्या मांडीवर थाप देऊ लागली. ‘निशाण’ लांबवायला हवं होतं तिथं बायांनी तोडलं, तर तिनं हवेत बोट लांब ओढून दाखवलं. परत म्हटलं, तेव्हा मान डोलावली. साक्षी तिपाईवरच्या कॅमेऱ्यामागं डोळे पुसत होती.

“पुढचं मी सांगते,” गोजराबाईला चष्म्याशिवायच दिसायला लागलं होतं. “रवीला चिडवलं होतं ते!

रवी नवरा बाई, उभा चिमणीच्या वाणी,
हळदीच्या वासानं त्याच्या तोंडाला सुटलं पाणी.”

हॉल हसला. आक्काबाईचे खांदे हसले. चंदरही हसला, आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं, की आता पुढची ओवी येणार.

ती आली. चादरीवरची आक्काबाई जातं फिरवता फिरवता थांबली, थेट कॅमेऱ्याकडं बघितलं, आणि ओठ हलले.

बायांनी डोळे बारीक केले. “ऊन? का घुन?” “परत लाव रं चंदर.” त्यानं परत लावलं. “‘मांडवात’ तर म्हणतीया. फुडचं काय बाई?” तिसऱ्यांदा लावलं. सगळ्या आक्काबाईकडं वळल्या. तिनं दोन्ही हात पसरले. हळदीला बसल्या जागी बांधलेली ओवी ती, वाऱ्यावर सोडलेली. तिची तिलाच कुठून आठवायची?

“राहू दे,” साक्षी हळूच म्हणाली. “एवढी जागा मुकीच ठेवू.”

पण चंदरनं तोवर परत लावलं होतं, चौथ्यांदा ओठ हललेच होते. चादर उजळली होती, आणि चंदरच्या कानात, आतून, ते सगळं घरघरीसकट सुरू झालं होतं. त्यानं थांबवायला पाहिजे होतं. पण इतकी वर्षं तो ही ओवी दुकान उघडताना, शटर ओढताना, हेड पुसताना मनात म्हणत आला होता. ती त्याच्या तोंडून ओठांच्या बरोबर मापात बाहेर पडली.

“हळद दळीते बाई, मांडवात ऊन आलं,
खांद्यावर यंत्र ज्याच्या, त्यो बी माझं लेकरू झालं.”

ओठ आणि शब्द एकमेकांवर असे बसले, की चादरीवरची आक्काबाईच बोलल्यागत झालं. गोजराबाईनं तोंडावर हात ठेवला. कुणी ती ओवी पुढं ओढली नाही.

“अगं बाई! दिव्याचं ऊन! ही तर तुझ्यावरच बांधलेली,” सिंधुबाई म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. “पण चंदर, तुला रं कशी ठावं? तू तर दिव्याच्या पल्याड, येवढ्या गलक्यात. आन् मशीनीनं तर धरलंच नव्हतं म्हणालास.”

सांगायला कितीतरी होतं. कुणीतरी नंतर म्हणून दाखवली. ओठांवरून अंदाज केला. वय झालं, काहीही आठवतं. सिंधुबाईनं यातलं कुठलंही मानलं असतं आणि चहा मागवला असता.

आक्काबाई काही विचारत नव्हती. ती त्याच्याकडं बघत होती. तिनं गळ्यावरचा रुमाल एका हातानं धरला आणि दुसरा हात कानाशी नेऊन दोन बोटांनी हेडफोनचा गोल काढला. मग तो हात तसाच हवेत राहिला.

साक्षीला काय कळलं कुणास ठाऊक. ती कॅमेरा बंद करायला वाकली.

“बंद करू नको, बाळा,” चंदर म्हणाला. “आन् त्या दिवशी दुकानात मी जे बोललो ते काढून टाक. ते नाव पण काढ.”

तो प्रोजेक्टरपासून उठला. त्याची सावली चादरीवर पडली, जात्यावर, बायांवर. तो आक्काबाईच्या खुर्चीपुढं जाऊन खाली फरशीवर बसला.

“आक्का, माइक चांगला होता. पहिल्यापास्नं चांगला होता. तुमचा शब्द न् शब्द बसला होता मशीनीत, काकणं वाजलेली सुद्धा. बसत नाय म्हणालो ते मी खोटं सांगितलं. मिक्सिंगला कॅसेट नेली, तिथल्या पोरांनी तुमचं गाणं ऐकलं आन् हसायला लागले. एकानं नक्कल केली तुमची. म्हणला, हे लग्न हाय का मयत? मी नवा होतो, आक्का. मला त्यांच्यातलं व्हायचं होतं. मी म्हणालो, आमच्या वस्तीतल्या अडाणी बाया, त्यांला काय कळतंय, पुसून टाक सगळं. तुम्ही मला लेकरू म्हणलेलं पण त्यातच होतं, ते ऐकल्यावर मग ‘पुसून टाक’ म्हणालो. आन् त्यांच्याबरोबर मी पण हसलो.”